खर्चात न धरलेलं

रुम्फीच्या बसथांब्यामागे, न्हाव्याला लागून
माझं झेरॉक्सचं दुकान. एक यंत्र, एक लॅपटॉप,
फोटोसाठी भिंतीला ठोकलेली पांढरी चादर.
नोव्हेंबर लागला की पोरं येतात
प्लॅस्टिकच्या पिशवीत दाखले गुंडाळून.

मला सगळ्यांचे गुण पाठ आहेत.
कोणाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव चुकलंय,
कोण शपथेवर लिहितो की मी गरीब आहे
आणि कोण ते लिहिताना
माझ्याकडे पाठ करून बसतो.

प्रत्येक शिष्यवृत्तीत एकच शब्द ठळक छापलेला: पूर्ण.
पूर्ण शुल्क, पूर्ण निवास, विमानाचं तिकीट,
हिवाळी कोटासाठीसुद्धा वेगळी रक्कम.
त्या कोटाचं मला फार अप्रूप.
कुणीतरी, कुठल्यातरी टेबलाशी बसून
आमच्या खांद्यांना वाजणाऱ्या थंडीचा हिशेब केला.

लिलाँग्वेपर्यंतच्या मिनीबसचा नाही केला.
पासपोर्टचा नाही, क्षयाच्या तपासणीचा नाही.
ज्या इंग्रजीसाठी शाळेत छड्या खाल्ल्या
तीच आपल्याला येते,
याचा दाखला एका गाईच्या किमतीला पडतो.
पूर्ण सुरू होतं विमानतळावर.
तिथवरची सगळी पदरमोड.

टोवेरा म्सिस्का आली ती शेवटच्या दिवशी, चार वाजता.
विषय: भुईमुगावरची बुरशी.
मला हसू आलं. तिला नाही.
म्हणाली, चांगले दाणे बाजारात जातात,
काळवंडलेले आम्ही कुटून पोरांच्या लापशीत घालतो.
माझ्या धाकट्या भावाचं पोट...
आणि वाक्य तिथंच टाकून
तिनं खुर्ची पुढे ओढली.

सहाला वीज गेली. जायचीच होती.
शेजारच्या मुन्थालीनं मशीनची बॅटरी काढून दिली,
त्याचं गिऱ्हाईक अर्धं डोकं भादरलेलं
तसंच बाकावर बसून राहिलं,
एका शब्दानं कुरकुरलं नाही.
मुदत मध्यरात्रीची, पण मध्यरात्र त्यांची.
आमच्याकडे ती दोनला होते.
तेवढे दोन तास आम्हाला फुकट.

शेवटचा प्रश्न सगळ्यांचाच शेवटचा असतो:
शिकून परतल्यावर देशासाठी काय कराल?
तीनशे शब्दांपर्यंत.
ती लिहायची आणि खोडायची.
मग मान न वळवता विचारलं,
तुम्ही काय लिहिलं होतं?
मी कधी सांगितलं नव्हतं तिला की मीही भरला होता.
पूल, म्हटलं. तीन वर्षं, तिन्ही वेळा पूल.
या नदीवरचा, त्या नदीवरचा.
मग?
मग हे यंत्र घेतलं.

तिनं लिहिलं: खराब दाणा कसा ओळखायचा
ते मी आमच्या बायकांना शिकवीन.
एवढंच? जागा पुष्कळ आहे, मी म्हटलं.
भावाचं लिही, असलं वाचून लोक विरघळतात.
तो अर्जात नाही, ती म्हणाली.
पडद्यावर बॅटरीचा आकडा नऊवर आला होता.

एक चाळीसला अर्ज गेला.
गोल चकती फिरत राहिली, फिरत राहिली,
मुन्थालीसुद्धा दारात येऊन उभा होता, श्वास धरून.
तिच्याकडे दोनशे क्वाचा कमी पडले.
कागदाच्या पुडीत भाजलेले दाणे ठेवून
ती अंधारातच निघून गेली.

निकाल मार्चमध्ये. बघू.
त्या रात्री घरी जाताना भूक लागली होती,
तरी मी थांबलो,
फोनच्या उजेडात एकेक दाणा
फिरवून फिरवून पाहिला.